बाँड म्हणजे खरेदीखत नव्हे

“बाँड केलाय, नोटरीपण झाली, आता काय राहिलं?” बीड, गेवराई, माजलगाव, केज, कुठेही प्लॉटचा विषय निघाला की हे ऐकायला मिळतं. बोलणारा बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदाच जागा घेत असतो. साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर ऊसतोडीची उचल फेडून जे चार पैसे उरले ते त्यात असतात, नाहीतर बायकोचे डाग मोडलेले असतात. म्हणून या गैरसमजाचा राग येतो. तो नेमका अशांनाच बुडवतो, ज्यांना दुसऱ्यांदा पैसे जमवणं शक्य नाही.

काय राहिलं? मालकी राहिली. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता फक्त नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. विक्रीचा नुसता करार, म्हणजे हा बाँड, खरेदीदाराला त्या जागेत कोणताही हक्क देत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम १७ अशा दस्ताची नोंदणी सक्तीची करतं. “मुखत्यारपत्र करून घेतलंय ना,” असं कुणी म्हणेल, तर त्यालाही उत्तर आहे. सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं की करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी बदलत नाही. साधं मुखत्यारपत्र तर ते देणारा वारला की सहसा संपतंच.

मग नोटरीचा शिक्का कशाचा? अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली, एवढाच. जमीन खरंच त्याची आहे का, तिच्यावर सोसायटीचा बोजा आहे का, बहिणींचा हिस्सा सुटला आहे का, हे नोटरी तपासत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो. कागद महाग झाला, त्याचं वजन वाढलं नाही. विकणाऱ्याने तोच प्लॉट उद्या दुसऱ्याला रीतसर रजिस्ट्री करून दिला आणि त्या दुसऱ्याला तुमच्या बाँडची माहिती नसेल, तर कायद्याचं संरक्षण त्याला मिळतं. तुमच्या हाती राहतो तो दिवाणी दावा.

खरा प्रश्न कुणी विचारतच नाही: विकणारा रजिस्ट्री का करून देत नाही? “खर्च वाचतो” हे वरवरचं कारण. बहुतेक वेळा रजिस्ट्री होण्यासारखी परिस्थितीच नसते. शेतजमिनीत चुना मारून पाडलेले गुंठे असतात, एनए (बिगरशेती परवानगी) नसतं, मंजूर लेआउट नसतो. तुकडेबंदी कायदा १९४७ पासूनचा आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं, त्यामुळे शेतातला दीड-दोन गुंठ्यांचा तुकडा दुय्यम निबंधकांकडे अडतो. २०२५ मध्ये सरकारने शहरी भागात हा कायदा सैल करायचं ठरवलं. तेव्हापासून “आता बाँड चालतो” अशी नवी आवई उठली आहे. ती साफ चुकीची आहे. सवलत मिळाली तरी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावाच लागतो.

दुसरं कारण आपल्या भागाचं आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. देवस्थानाच्या आणि वक्फच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश इनाम जमिनी इथे पुष्कळ आहेत. त्या सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. जिल्ह्यात अशा जमिनींच्या बेकायदा हस्तांतरणावरून फौजदारी गुन्हेही दाखल झालेले आहेत. म्हणून सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल, किंवा इतर हक्कात देवस्थान, इनाम, वक्फ यातला एक जरी शब्द दिसला, तर इसार देऊ नका. चालू सातबारा पुरेसा नाही. जुने फेरफार आणि खासरा पत्रकही काढा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. वकिलाची फी प्लॉटच्या किमतीपुढे किरकोळ असते. ती वाचवण्यात काय शहाणपण आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. “सातबाऱ्यावर नाव आलं, म्हणजे मालक झालो”: नाही, फेरफार महसूल वसुलीसाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. “ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे”: ती कर आकारणीची नोंद आहे. “रेरा कायदा पुण्या-मुंबईचा”: जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट वा फ्लॅट आठपेक्षा जास्त असले, तर नियोजन क्षेत्रातला प्रकल्प बीडचा असला तरी नोंदवावा लागतो, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. “बाईच्या नावावर घेतलेलं घर पुढं पुरुषाला विकता येत नाही”: १५ वर्षांची ती अट २०२३ मध्ये गेली, मुद्रांक शुल्कातली एक टक्क्याची सूट राहिली. “बिंदुसरा नदी तर कोरडीच असते”: १९८९ चा पूर बीडमध्ये ज्यांनी पाहिला त्यांना विचारा, आणि नगरपालिकेत पूररेषा बघूनच प्लॉट ठरवा. “रेल्वे आली, आता थांबलात तर भाव हातचा जाईल”: अहिल्यानगर-बीड गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, पण त्यामुळे कुणाच्याही जमिनीची कागदपत्रं सुधारलेली नाहीत.

ज्यांचा बाँड आधीच झालेला आहे, त्यांनी तो कपाटात ठेवून निवांत बसू नये. विकणारा हयात आहे, ओळख देतो आहे, तोवर त्याला घेऊन रजिस्ट्री ऑफिस गाठा. जमीन गुंठेवारीत बसत असेल तर नगरपालिकेत नियमितीकरणाची चौकशी करा. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झालेली आहे. विकणारा टाळाटाळ करत असेल तर वकिलामार्फत लेखी नोटीस द्या. करारात खरेदीखताची तारीख लिहिलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. म्हणून बाँड आजच बाहेर काढा आणि त्यावर कोणती तारीख आहे ते वाचा.