मासिक पाळीचे चक्र आणि वेदनेची संवेदनशीलता

मासिक पाळीच्या चक्रात स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांची पातळी सतत बदलत असते. या बदलांमुळे वेदना कमी-अधिक जाणवते का, हा शरीरक्रियाशास्त्रातील अभ्यासाचा विषय आहे. पाळीच्या दिवसांतील पोटदुखी आणि चक्रानुसार बदलणारी वेदनेची संवेदनशीलता या परस्परसंबंधित, परंतु भिन्न बाबी आहेत.

चक्र आणि संप्रेरके

प्रौढ स्त्रीचे चक्र सामान्यतः २१ ते ३५ दिवसांचे असते. पूर्वार्धात, म्हणजे पुटक अवस्थेत, इस्ट्रोजेनची पातळी वाढत जाते. अंडमोचनानंतरच्या पीतपिंड अवस्थेत प्रोजेस्टेरॉनचे प्राबल्य असते. गर्भधारणा न झाल्यास दोन्हींची पातळी घसरते व स्राव सुरू होतो. ही संप्रेरके मेंदू व मज्जारज्जूतील वेदनावहनावरही प्रभाव टाकतात.

प्रयोगांतील निष्कर्ष

उष्णता, थंडी, दाब किंवा सौम्य विद्युतप्रवाह यांचा वापर करून वेदनेचा उंबरठा मोजला जातो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात बहुतेक प्रकारांत हा उंबरठा पुटक अवस्थेत अधिक, म्हणजे संवेदनशीलता कमी, असल्याचे आढळले. विद्युत उद्दीपनाचा कल मात्र वेगळा होता. नंतरच्या आढाव्यांनुसार निरोगी स्त्रियांमध्ये हा फरक अल्प असून तो सातत्याने आढळत नाही. त्यामुळे पाळीच्या काळात स्त्रीची सहनशक्तीच घटते, या समजुतीस ठोस आधार नाही. काही विकारांत मात्र चक्राचा संबंध स्पष्ट दिसतो. उदाहरणार्थ, इस्ट्रोजेन घसरल्याने पाळीच्या सुमारास काही स्त्रियांना अर्धशिशीचा त्रास होतो.

ऋतुवेदना

गर्भाशयाच्या अस्तरातील प्रोस्टाग्लँडिनमुळे स्नायू जोराने आकुंचन पावतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि कळा येतात. तीव्र ऋतुवेदना असणाऱ्या स्त्रियांमध्ये वेदनेची संवेदनशीलता पाळीबाहेरच्या दिवसांतही वाढलेली असू शकते. वारंवार होणाऱ्या वेदनेमुळे मज्जासंस्था अधिक संवेदनशील होत असावी, असे यामागील स्पष्टीकरण दिले जाते. आयब्युप्रोफेन, मेफेनामिक आम्ल यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात; ती वैद्यकीय सल्ल्याने घ्यावीत. ओटीपोट शेकल्यानेही आराम पडतो. वेदना वर्षागणिक वाढत असल्यास एंडोमेट्रिओसिससारख्या विकाराची तपासणी आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रजननवयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

मराठी समाजात 'कावळा शिवणे' यांसारख्या आडवळणाच्या शब्दप्रयोगांमुळे पाळीविषयी, पर्यायाने तिच्या वेदनेविषयीही, उघडपणे बोलणे टाळले जाई. उपचाराअभावी ही वेदना कोठवर नेते, हे २०१९ साली बीड जिल्ह्यातील घटनांमुळे चर्चेत आले. तेथील ऊसतोड मजूर दरवर्षी पुणे जिल्ह्यासह पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. पती-पत्नीची जोडी 'कोयता' म्हणून उचल घेते आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. फडावर शौचालय वा पुरेसे पाणी नसते. पोटदुखी, अतिरक्तस्राव, अंगावरून पांढरे जाणे अशा तक्रारींवर अनेक स्त्रियांची गर्भपिशवी तरुण वयातच काढण्यात आल्याचे उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांची, ही शस्त्रक्रिया झाल्याचे नोंदवले गेले.

साध्या ऋतुवेदनेवर गर्भाशय काढणे हा नेहमीचा उपचार नाही. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढल्यास इस्ट्रोजेन एकाएकी घटते, रजोनिवृत्ती अकाली येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.