पोत्यापुढची वाट

खवले मांजराला दात नाहीत. मुंग्या आणि वाळवी हे त्याचे अन्न, लांब चिकट जीभ हे त्याचे हत्यार, आणि भीती वाटली की अंगाचे मुटकुळे करून पडून राहायचे, एवढेच काय ते त्याचे युद्धशास्त्र! बिबट्याने पंजा मारला तरी ते मुटकुळे सहसा उलगडत नाही. माणसाला ते उलगडावे लागतच नाही. तो ते उचलतो आणि पोत्यात घालतो.

या पोत्यापुढची वाट शोधण्याचा नाद मला काही वर्षांपूर्वी लागला. न्यायालयांची निकालपत्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि वनखात्यातल्या जुन्या माणसांच्या गप्पा, एवढेच माझे दप्तर. घरची मंडळी याला ‘मांजराचे वेड’ म्हणतात. म्हणोत बापडी!

या प्राण्याची खवले म्हणजे केराटिन. आपली नखे ज्या द्रव्याची असतात, तेच. तरीही चीन आणि व्हिएतनाममधल्या पारंपरिक औषधांत बाळंतिणीला दूध यावे म्हणून ती वापरली गेली. जगात या प्राण्याच्या आठ जाती. चार आशियात, चार आफ्रिकेत. आशियातले प्राणी दुर्मिळ होत गेले, तसे व्यापाऱ्यांनी आफ्रिकेकडे मोर्चा वळवला. २०१६ साली आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. पण एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरच्या बंदरात नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेला एक कंटेनर उघडला, तर आत १२.९ टन खवले! सुमारे सतरा हजार जिवांची. कागदावर लिहिले होते ‘गोठवलेले गोमांस’. त्यानंतर आठवडाही उलटला नाही, तोच आणखी १२.७ टन सापडली.

आता पाहा, माल खोटे बोलला तरी भाडे कोणीतरी भरलेलेच असते. कंटेनर कोणाच्या नावाने नोंदला, पैसे कोणत्या खात्यातून आले, तिकडे तो कोण उतरवून घेणार होता, हे कागद खवलांपेक्षा मोलाचे. छायाचित्र मात्र खवलांच्या ढिगाचे छापून येते.

आपल्या महाराष्ट्रातली तऱ्हा निराळीच. इथे पुष्कळदा खवले नव्हे, जिवंत प्राणीच विकायला काढतात. त्याच्यामुळे ‘पैशांचा पाऊस’ पडतो, अशी कोणीतरी आवई उठवून दिली आहे. दुतोंड्या म्हणून बदनाम झालेल्या बिचाऱ्या मांडुळाचीही हीच गत. कोकणातल्या एखाद्या वाडीवर रात्री सापडलेले जनावर पोत्यात जाते, आणि मग त्याची किंमत फोनवरून वाढू लागते. हजारांचे लाख होतात.

“पण शेवटी घेतो कोण?” मी वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना विचारले.

ते हसले. “अहो, शेवटचं गिऱ्हाईक कोणी पाहिलेलंच नसतं! प्रत्येकाला वाटतं, पुढच्याला ठाऊक असेल. बहुतेक वेळा ते गिऱ्हाईक म्हणजे आमचाच साध्या कपड्यांतला माणूस.”

“आणि तोवर जनावर?”

“पोत्यात. त्याला मुंग्या कोण आणून घालणार?”

त्या उत्तराने मी गप्प झालो. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीवर बसून हिंडते. एका पोत्याने किती नुकसान होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. खवले मांजर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद. कायदा दुबळा नाही. पण मी वाचलेल्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. पोते घेऊन उभा असलेला सापडतो. त्याला फोन करणारा सापडत नाही. जप्त झालेला मोबाईल मुद्देमालाच्या खोलीत धूळ खातो. त्याच्या नोंदी काढून एका जिल्ह्याचे प्रकरण दुसऱ्याशी जुळवले, तर तेच चार-दोन दलाल पुन्हा पुन्हा हाती लागतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधने नाहीत असेही नाही. २०१८ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्‌स्मथ विद्यापीठ आणि लंडनची प्राणिशास्त्र संस्था यांनी जिलेटिनच्या साध्या पट्टीने खवलांवरचे बोटांचे ठसे उचलून दाखवले. पट्टी लावा, दाबा, काढा, आणि चालते व्हा. रानातल्या रक्षकालाही जमेल असे काम. आपल्याकडे टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात वन्यजीवांचा माल हुंगून काढणारी कुत्री तयार होतात. चीननेही २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधकोशाच्या द्रव्यांतून ही खवले वगळली.

मला सर्वांत आवडलेला उपाय मात्र चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावचा. २०२० साली तिथे ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या मंडळींबरोबर गावकऱ्यांनी ‘खवलोत्सव’ केला. देवीच्या साक्षीने खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा झाली. दलालाला जनावर दाखवणारा माणूस गावातलाच असतो. ते ज्याने पूजले, तो त्याचा पत्ता सहजी सांगायचा नाही.

तुमच्या अंगणात कधी ते मुटकुळे दिसले, तर उचलू नका, फोटो काढून चारचौघांत फिरवू नका. वनखात्याचा क्रमांक १९२६. तो लावा, आणि माणसे येईपर्यंत कुत्री तेवढी बांधून ठेवा.