अपव्ययनिवारण पद्धती, सेवाभावी संस्थांतील
कामातील निष्कारण प्रतीक्षा, हालचाल व पुनरावृत्ती शोधून ती क्रमाक्रमाने वगळण्याची पद्धती. ‘लीन’ या नावाने परिचित असलेल्या या पद्धतीचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा मोटार कारखान्यांत झाला. सेवाभावी संस्थांत नफ्याऐवजी लाभार्थींची सोय हे तिचे उद्दिष्ट असते. उदा., न्यूयॉर्क शहरातील हार्लेम येथील एका अन्नछत्रात दहा जागा रिकाम्या झाल्यावरच दहा जणांना एकदम आत घेत. टोयोटाच्या तज्ञांच्या सल्ल्यानुसार जागा मोकळी होताच एकेकास प्रवेश देण्यात येऊ लागला व मोकळ्या जागा हेरण्यासाठी एक कर्मचारी नेमण्यात आला. परिणामी २०१३ पर्यंत सायंभोजनासाठीची प्रतीक्षा ९० मिनिटांवरून १८ मिनिटांवर आली. तथापि गरजूची आस्थेने विचारपूस करण्यात जाणारा वेळ हा अपव्यय नव्हे. तो वगळल्यास सेवेचा हेतूच विफल होतो.