हा फोटो कोणाचा?

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दोनच कामे उरतात, अशी आमच्या भंडाऱ्यात समजूत आहे. सकाळी खांब तलावापर्यंत फिरून येणे आणि दिवसभर शेजाऱ्यांचे फॉर्म भरून देणे. मी त्यात तिसऱ्याची भर घातली. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मी लिहितो, आणि रविवारी सकाळी ओसरीवर जमणाऱ्या सहा-सात पोरापोरींना तिथे लिहायला मदत करतो. लिहिणे त्यांना लवकर जमते. गाडी अडते ती फोटो आणि दुव्यांपाशी.

पवनीकडच्या एका मुलीने जगन्नाथ टेकडीवर चांगला मजकूर तयार केला होता. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केले, बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, हे सगळे तिने ग्रंथालयातले पुस्तक पाहून, पानांचे क्रमांक देऊन लिहिले. वर टेकडीचा एक सुरेख फोटो लावला. दोन दिवसांनी फोटो गायब. मुलगी रडकुंडीला आली.

‘काकाजी, गूगलवर होता नं तो! सगळेच तर घेतात.’

सगळेच घेतात हे खरे. २०२०च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा पूर शहरात शिरला तेव्हा कोणी कोणी गच्चीवरून काढलेले फोटो तासाभरात मोबाइल-मोबाइलवर फिरले. काढणाऱ्यांची नावे मात्र पुराच्या पहिल्याच लोंढ्यात वाहून गेली. पण गूगल म्हणजे मालक नव्हे. तो घराचा पत्ता सांगतो, किल्ली देत नाही. फोटो साधारणपणे काढणाऱ्याचा, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याच्या मृत्यूपुढेही ६० वर्षे त्याच्या वारसांचा. खाली नाव छापलेले नाही म्हणून फोटो बेवारस ठरत नाही.

मी तिला रागावलो नाही, कारण माझी स्वतःची फजिती मला आठवत होती. सुरुवातीच्या दिवसांत मी माझ्याच एका कादंबरीचे मुखपृष्ठ ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवले होते. कादंबरी माझी, वर नाव माझे, मग चित्र आणखी कोणाचे? कोण्या अनोळखी माणसाने नम्रपणे विचारले, ‘चित्र आपण काढले आहे का?’ काढले होते चित्रकाराने, पैसे दिले होते प्रकाशकाने. माझा त्यात वाटा एवढाच, की मला ते आवडले नव्हते. त्याच लेखात पुस्तक विकत कुठे मिळेल याचा दुवाही मी देऊन ठेवला होता. तोही उडाला. ३४ वर्षे दुसऱ्यांची वाउचरे तपासणाऱ्याचे वाउचर असे परत आले! स्वतःविषयी स्वतः लिहू नये, हा तिथला संकेत मराठी लेखकाला जरा जडच जातो. असो.

विकिपीडियावरचे बहुतेक फोटो ‘विकिमीडिया कॉमन्स’ या सामायिक भांडारात राहतात. तिथले तपासणारे कशाला अडतात, हे पोरांना एकदा कळले की निम्मे काम होते. फोटो अगदी लहान आकाराचा असला आणि कॅमेऱ्याची नोंद त्यात नसली, की त्यांना तो कुठून तरी उचलल्याचा संशय येतो. आमचा एक मुलगा स्वतः काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून मित्राकडे पाठवून मग चढवायचा. त्या प्रवासात आकार घटतो, नोंदी गळतात आणि प्रामाणिक पोरगा चोर दिसू लागतो. थेट मूळ फोटो चढवायचा, एवढे सांगितल्यावर त्याचे गाडे सुरळीत झाले. देवळाचा, इमारतीचा, चौकात कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा स्वतः काढलेला फोटो आपला कायदा चालू देतो. चौकातल्या फ्लेक्सला मात्र ही सवलत नाही. आमच्याकडचे फ्लेक्स पाहता, कायद्याने हे बरेच केले म्हणायचे.

दुव्यांचा प्रकार निराळा. नवा माणूस दिसेल त्या शब्दाला दुवा देतो. नदीला, भाताला, पावसाला. पान लग्नाच्या मांडवासारखे रंगीत होते आणि वाचणाऱ्याला नेमके कुठे जावे ते कळत नाही. ज्याने विषय पुढे कळेल त्याच शब्दाला, आणि तोही पहिल्यांदा येईल तेव्हा, दुवा द्यावा. तो कुठे पोचतो हे स्वतः टिचकी मारून पाहावे. हे मी पोरांना गावाच्या नावावरूनच समजावतो. भंडारा हा आमचा जिल्हा, भंडारा ही जेजुरीची हळद, भंडारा हे देवळातले जेवण आणि भंडारा हा देहूजवळचा तुकोबांचा डोंगर. जेजुरीच्या पानावरून वाचक हळदीऐवजी तुमसरच्या रस्त्याला लागला, तर दोष त्याचा नव्हे.

बाहेरच्या संकेतस्थळांचे दुवे मजकुराच्या मध्ये घुसडायचे नाहीत. मोजके, आणि शेवटी. दुकानाचे, प्लॉट विकणाऱ्याचे नाहीत. दुसऱ्याचा चोरलेला मजकूर जिथे ठेवलेला आहे, तिथलेही नाहीत. लाल दुवा पाहून पोरे दचकतात, परीक्षेतल्या लाल शाईसारखी. त्याचा अर्थ एवढाच, की हे पान अजून कोणी लिहिलेले नाही. आंधळगावच्या कोशाच्या विणकरीवर किंवा भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांवर लिहिताना असा एखादा लाल शब्द मागे राहिला, तर तो मी पुसू देत नाही. कोणाला तरी त्याची लाज वाटेल आणि तो लिहायला बसेल.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीत ज्ञानकोश आणला तो लिमिटेड कंपनी काढून, भाग विकून. आणि त्या कामाचा आरंभ आमच्या शेजारच्या नागपुरातच झाला. माझ्यातल्या बँकवाल्याला त्या हिशेबाचे फार कौतुक आहे. तो ज्ञानकोश विकत घ्यावा लागे. हा नवा कोश फुकट आहे, आणि त्यातले चित्र नाव देऊन व परवान्याच्या अटी पाळून कोणीही पुढे वापरू शकतो, विकूही शकतो. सारे दुखणे या ‘विकू’मध्ये आहे.

कारण टेकडीसाठी नवा फोटो शोधता शोधता आम्ही एका बाईंकडे पोचलो. त्यांचे वडील स्टुडिओवाले होते. उत्खननाच्या दिवसांत हौसेने सायकल मारत टेकडीवर जाऊन त्यांनी काढलेले फोटो ताईंनी एका ट्रंकेत जपले आहेत. विटांची ओळ, आणि डोक्यावर मातीच्या टोपल्या घेऊन चाललेल्या गावच्या बाया. ते पाहून आमची मुलगी बोलायचीच थांबली. त्यातल्या एकीची चाल तिला आजीसारखी वाटली म्हणे.

वारस म्हणून ताईंनी संमतीचा ईमेल पाठवला की काम होते. मी मजकूर वाचून दाखवला.

‘म्हणजे उद्या कोणी कॅलेंडरवर छापला तर?’

‘छापू शकेल, ताई. बाबांचे नाव मात्र द्यावे लागेल.’

‘अन् पैसे?’

‘नाही.’

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘बाबा फोटोच्या उधारीसाठी लोकांच्या दारी चकरा मारत होते, दादा. पोरांनी शिकावं, पुस्तकात घ्यावं, मी नाही म्हणत नाही. पण विकू नये, एवढं लिहा.’

एवढेच लिहिता येत नाही. ‘वापरा पण विकू नका’ ही अट घातलेला फोटो कॉमन्स घेत नाही. त्यामागचे कारण मला पटते. एकाने घातलेली अट उद्या शाळेच्या पुस्तकवाल्याला आणि गावच्या छापखान्यालाही आडवी येते. पण ताईंसमोर बसून ते कारण सांगताना माझा आवाज काही चढला नाही.

मुलीने पुढच्या रविवारी टेकडीवर जाऊन मोबाइलने चार फोटो काढले. गवत, ऊन, दूरवरची झाडे. त्यातला एक आता लेखावर आहे. खाली तिचे नाव आणि तारीख. तो काही कोणी काढलेला नाही.

ताईंकडे मी दिवाळीला गेलो होतो. पोरे म्हणत होती, काकाजी, सही घेऊनच या. नोकरीत असताना कर्जाच्या कागदांवर जामीनदारांच्या सह्या मी घाईघाईने घेतल्या आहेत. ‘इथे करा, इथे करा’ म्हणत, बोट ठेवून. त्यातले काही चेहरे अजून आठवतात. संमतीचा मजकूर मी मोठ्या अक्षरांत छापून ताईंना देऊन आलो. त्यांनी तो ट्रंकेत, फोटोंच्या वर ठेवला. मी निघताना त्यांनी विचारले, ‘बाबांचं नाव पूर्ण लिहितात की नुसतं आडनाव?’

‘तुम्ही सांगाल तसे,’ मी म्हणालो.