राष्ट्रसंघाच्या कायद्याचा स्वदेशप्रवेश : ब्रिटनचें उदाहरण

अनेक राष्ट्रांनीं मिळून केलेला कायदा एखाद्या राष्ट्राच्या न्यायालयांत कोणाच्या अधिकारानें चालतो, या प्रश्नाचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे. तत्सम शब्द भाषेंत मूळ रूपानेंच येतो. तद्भव शब्द रूप पालटून येतो. कायद्याचेंही तसेंच आहे. नेदर्लंड्सच्या घटनेप्रमाणें करारांतील सर्वांस बंधनकारक होण्याजोगें कलम, प्रसिद्ध झाल्यावर, निराळ्या कायद्यावांचून तेथें लागू होतें. ब्रिटनमध्यें करार करणें हा राजसत्तेचा अधिकार; देशाचा कायदा बदलणें हा मात्र पार्लमेंटचा. म्हणून पार्लमेंटनें कायदा केल्यावांचून करारास तेथील न्यायालयांत कायद्याचें बळ येत नाहीं.

युरोपीय समूहांत सामील होण्याच्या करारावर ब्रिटनची सही ता. २२ जानेवारी १९७२ रोजीं ब्रसेल्स येथें झाली. त्याच वर्षीं पार्लमेंटनें 'युरोपीय समूह कायदा' केला, व ता. १ जानेवारी १९७३ पासून ब्रिटन सभासद झालें. या कायद्याचें दुसरें कलम हें सर्वांचें मूळ होय. त्याच्या पहिल्या पोटकलमानें, समूहाच्या करारांतून वेळोवेळीं आपोआप उत्पन्न होणारे हक्क व बंधनें देशांत लागू झालीं. ज्या निर्देशांस देशी रूप देणें अवश्य होतें, त्यांसाठीं मंत्र्यांस नियम करण्याचा अधिकार दुसऱ्यानें मिळाला. झालेले व पुढें होणारे कायदे या तत्त्वास अधीन राहून वाचावे, असें चौथ्यानें ठरलें.

आतां खरा पेंच पाहूं. लक्झेंबुर्ग येथील समूहाच्या न्यायालयानें १९६४ मध्यें, इटलींतील कोस्टा यांच्या खटल्यांत, समूहाचा कायदा देशी कायद्याहून श्रेष्ठ ठरविला होता. उलट, एक पार्लमेंट पुढील पार्लमेंटास बांधूं शकत नाहीं, हें ब्रिटिश राज्यव्यवस्थेचें मूलतत्त्व. हीं दोन तत्त्वें फॅक्टरटेम खटल्यांत समोरासमोर आलीं. १९८८ च्या व्यापारी नौकानयन कायद्यानें स्पॅनिश मालकीच्या मासेमारी जहाजांस ब्रिटिश नोंदणी मिळणें दुर्घट झालें. १९९० मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें सरकारास मनाईहुकूम देऊन त्या अटींचा अंमल तहकूब केला. नंतरचा कायदा पूर्वीच्या कायद्यापुढें थांबला! लॉर्ड ब्रिज यांनीं कारण दिलें तें असें कीं, १९७२ चा कायदा करितांना पार्लमेंटनें ही मर्यादा स्वेच्छेनें पत्करली होती.

दोन्ही न्यायालयांचें फल एक, परंतु मूळ भिन्न. लक्झेंबुर्गच्या मतें श्रेष्ठत्व समूहाच्या स्वरूपांतच होतें. लंडनच्या मतें तें पार्लमेंटनें दिलेलें होतें. कोणतें मूळ खरें, हें संघत्यागाच्या वेळीं दिसून आलें. २०१७ मध्यें मिलर खटल्यांत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें, पार्लमेंटच्या कायद्यावांचून मंत्र्यांस संघत्यागाची सूचना देतां येत नाहीं, असा निर्णय दिला. ता. ३१ जानेवारी २०२० रोजीं १९७२ चा कायदा रद्द झाला. त्याचे परिणाम मात्र त्या वर्षअखेरपर्यंत राखले गेले. शेष राहिलेल्या नियमांचें श्रेष्ठत्वही २०२३ अखेर संपलें, व २०२४ पासून त्यांस 'आत्मसात् कायदा' ही संज्ञा मिळाली.

तात्पर्य, ब्रिटनपुरतें पाहतां, बाहेरचा कायदा किती श्रेष्ठ हें त्याच्या शब्दांवरून ठरलें नाहीं. ज्या देशी कायद्यानें त्यास आंत घेतलें, त्यावरून तें ठरलें. अभ्यासकानें कराराआधीं तो देशी कायदा वाचावा, असें आम्हांस वाटतें.