हसणारी पेटी

१९६० च्या दशकात अमेरिकेतली एखादी विनोदी मालिका प्रसारणासाठी तयार होत आली की तिच्यावर शेवटचा हात फिरवायला चार्ली डग्लस येत. चित्रीकरण झालेलं असे, संकलन झालेलं असे, राहिलेलं असे ते फक्त हसू. त्यांच्याबरोबर दोन फुटांहून उंच अशी एक पेटी असे आणि तिला कुलूप असे. आत काय आहे हे त्यांच्या घरच्या माणसांखेरीज क्वचितच कुणी पाहिलं होतं. बाहेर टाइपरायटरसारखी बटणं, खाली पायाशी पेडल. एक बटण दाबलं की सभागृहभर हशा पिके, दुसरं दाबलं की एखादी बाई एकटीच फिसकन हसे. हसू किती टिकवायचं आणि कुठे विरू द्यायचं, हे पेडलवर ठरे. गवयाच्या चेहऱ्याकडे पाहत हार्मोनियमवाला साथ करतो, तसे डग्लस पडद्याकडे पाहत हसू वाजवत.

डग्लस यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात रडारवर काम केलं होतं. युद्धानंतर ते सीबीएस वाहिनीत ध्वनी अभियंता झाले. तिथे त्यांच्यापुढे एक साधी अडचण होती. चित्रीकरणाला खरे प्रेक्षक बोलावले, तरी ते हवं तेव्हा हसत नाहीत. पहिल्या वेळी खळखळून हसलेली माणसं तोच प्रसंग दुसऱ्यांदा चित्रित करताना गप्प राहतात, आणि कधी हसू इतकं लांबतं की पुढचा संवाद त्यात बुडून जातो. डग्लस हे हसू कुठे वाढवत, कुठे कमी करत. या कामाला धंद्यात ‘स्वीटनिंग’ म्हणतात.

मुद्रित हसू वापरण्याची कल्पना मात्र त्यांची नव्हे. ‘द हँक मॅक्यून शो’मध्ये ते १९५० सालीच वापरलं गेलं होतं. डग्लस यांचं वेगळेपण कारागिरीत होतं. त्यांच्या पेटीत ३२ फिती फिरत आणि प्रत्येकीवर १० हसू, म्हणजे एकूण ३२० हसू असत. हे हसू गोळा कुठून करायचं, हाही प्रश्नच होता, कारण मालिकेच्या ध्वनिमुद्रणात हसण्यावर पात्रांचे संवाद चढलेले असतात. त्यांनी रेड स्केल्टन यांच्या कार्यक्रमातले मूकाभिनयाचे भाग निवडले. रंगमंचावर शब्दच नाही, त्यामुळे प्रेक्षकांचं हसू स्वच्छ मिळालं. हेच आवाज पुढे कितीतरी वर्षं वेगवेगळ्या मालिकांतून ऐकू येत राहिले.

या पेटीला पूर्णपणे उलट अशी वाट ‘आय लव्ह लूसी’ने धरली होती. ही मालिका ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली. ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ या जोडप्याला समोर खरे प्रेक्षक हवे होते, आणि चित्रणही सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर हवं होतं. सिनेमात प्रत्येक शॉटसाठी प्रकाशयोजना बदलतात. पण दर दोन मिनिटांनी दिवे हलवायला थांबलं, तर प्रेक्षक हसणार कसे? ही गाठ कार्ल फ्रॉइंड यांनी सोडवली. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ हा १९२७ चा गाजलेला चित्रपट चित्रित करणारे ते छायालेखक. त्यांनी सगळ्या मंचावर वरून सारखा प्रकाश पाडला आणि तीन कॅमेरे एकाच वेळी फिरवले. प्रसंग नाटकासारखा सलग होऊ लागला. पुढच्या असंख्य मालिका याच पद्धतीने चित्रित झाल्या. केवळ हसू अस्सल मिळावं म्हणून इतका खटाटोप झाला, आणि त्याबद्दल मला फार आदर वाटतो. ल्युसिल यांची आई चित्रीकरणाला प्रेक्षकांत बसे. मुलगी संकटात सापडायच्या बेतात असली की तिचा ‘अ-ओह’ असा उद्गार ध्वनिमुद्रणात ऐकू येतो.

या दोन्ही वाटांच्या मुळाशी एक प्रश्न आहे. दुसऱ्याचं हसू ऐकून आपल्याला हसू का यावं?

अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी यासाठी प्रयोगशाळा सोडली आणि बाजारात, विद्यापीठाच्या आवारात माणसं कधी हसतात याची नोंद घेतली. अशा १,२०० प्रसंगांत विनोद म्हणता येईल असं बोलणं जेमतेम १० ते २० टक्के निघालं. बाकीच्या वेळी माणसं ‘बरं, निघतो आता’ यासारख्या वाक्यांवर हसत होती. आणखी नवलाची गोष्ट म्हणजे ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. एकट्यापेक्षा चारचौघांत हसण्याचं प्रमाण सुमारे ३० पट असल्याचंही त्यांना दिसलं. म्हणजे हसू मुळात विनोदाला दिलेली दाद नाही, समोरच्या माणसाशी जोडून घेण्याची ती एक खूण आहे. डग्लस यांची पेटी चालली ती यामुळे. घरात एकट्याने टीव्ही पाहणाऱ्याला ती सोबत पुरवत होती.

वाहिन्यांना हे अनुभवाने कळलं होतं. १९६५ मध्ये सीबीएसने ‘होगन्स हीरोज’चा पहिला भाग निवडक प्रेक्षकांना दोन प्रकारे दाखवला, एकदा हसू घालून आणि एकदा हसण्याविना. हसणारा भाग सरस ठरला.

पण कुठलंही हसू चालत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सोफी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ४० अगदी सुमार विनोदांवर हा प्रयोग केला. आधी विनोद नुसते ऐकवले, मग त्यांना हसू जोडलं. काहींना मुद्दाम काढलेलं हसू, काहींना आतून फुटलेलं. हसू जोडल्यावर तेच विनोद ऐकणाऱ्यांना जास्त मजेशीर वाटले, आणि खरं हसू जोडल्यावर त्याहून जास्त. ऑटिझम असलेल्या प्रौढांवरही तोच परिणाम दिसला. अशा माणसांना हसण्यातलं मर्म कळत नाही असं आपण सहज गृहीत धरतो, म्हणून हा निष्कर्ष मला विशेष मोलाचा वाटतो.

कानाची ही पारख थक्क करणारी आहे. ग्रेगरी ब्रायंट यांच्या चमूने २४ समाजांतल्या ९६६ लोकांना दोन माणसं एकत्र हसत असल्याचे सेकंदभराचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, ही दोघं मित्र की अनोळखी? सुमारे ६१ टक्के उत्तरं बरोबर आली. भाषा कळत नव्हती, चेहरे दिसत नव्हते, तरीही.

दुसऱ्याच्या हसण्याने आपल्याला हसू येतं, ही गोष्ट आपल्याकडे मुंबईत टीव्हीशी काही संबंध नसताना हाती आली. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालाच्या बागेत पाचजणांना जमवून हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला ते एकमेकांना विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. मग त्यांनी विनोद सोडून दिले आणि नुसतंच हसायला सुरुवात केली. आधी ओढूनताणून काढलेलं हसू शेजारच्याकडे पाहता पाहता खरं होई. पुढे ही पद्धत जगभर गेली.

तरी पेटीचं समर्थन सरसकट करता येणार नाही. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची ‘मॅश’ ही मालिका १९७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे कर्ते लॅरी गेलबार्ट यांना त्यात मुद्रित हसू नको होतं. वाहिनी ऐकेना. अखेर तडजोड झाली, ती अशी की शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या प्रसंगांत हसू वाजणार नाही. डॉक्टर तिथेही एकमेकांशी थट्टा करतात, पण समोर जखमी सैनिक असतो. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हसण्याविनाच दाखवली. गेलबार्ट यांचंच बरोबर होतं असं माझं मत आहे. कुणी मरणाच्या दारात असताना डॉक्टरने केलेल्या विनोदावर हसायचं की नाही, हे प्रेक्षकाचं प्रेक्षकालाच ठरवू द्यायला हवं.

डग्लस यांना १९९२ मध्ये तांत्रिक कामगिरीसाठी एमी पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं. ‘मॅश’च्या डीव्हीडीवर हसू बंद करण्याची सोय आहे. मिळाली तर एकच भाग दोन्ही तऱ्हांनी पाहा, आणि हसण्याविना पाहताना शेजारी कुणाला तरी बसवून घ्या.