खानदेशांतील जिन आणि सरकारी तपासनीस

आज दीपनगरच्या वीजकेंद्राचीं धुरांडीं ज्या टापूंत दिसतात, त्याच टापूंत वाफेच्या जिनांचीं धुरांडीं फार आधीं उभीं राहिलीं होतीं. त्या जिनांचें दप्तर धुंडाळणाऱ्या संग्राहकांस आम्ही एक इशारा देऊं इच्छितों. तपासनिसाच्या कागदांत अमुक जिनाचें नांव नाहीं, म्हणून तेथें कोणाचा हात यंत्रांत सांपडला नाहीं, असें अनुमान काढूं नये. १८८१ चा पहिला कायदा पाहावा. यंत्रशक्तीनें चालणारा, निदान शंभर मजूर एकाच वेळीं राबविणारा व वर्षांतून निदान चार महिने चालणारा, तोच त्याच्या लेखीं कारखाना! कापसाचा हंगाम त्याआधीं आटोपला कीं मालक मोकळा. शिवाय स्वतंत्र तपासनीस नसेल तेथें हें काम जिल्हा मॅजिस्ट्रेटाकडे. वसुली व फौजदारी सांभाळून तो फिरत्या चाकांभोंवतींचे कठडे कितीसे पाहणार? १८९१ मध्यें शंभरांचे पन्नास झाले. हंगामी कारखाने कक्षेंत आले ते १९११ च्या कायद्यानें.

१९४८ च्या कायद्याचें २७ वें कलम तर संशोधकानें मुद्दाम वाचावें. कापूस उकलणारें यंत्र चालू असेल त्या भागांत गासड्या दाबण्याच्या कामीं स्त्रिया व मुलें लावण्यास त्यानें मनाई केली. मात्र कापूस घालण्याची बाजू आढ्यापर्यंतच्या, किंवा तपासनीस लेखी ठरवील तितक्या उंचीच्या, आडभिंतीनें वेगळी केली असल्यास त्या बाजूस मुभा ठेविली. अशा भिंतीची उंची ठरविणारा एखादा लेखी हुकूम जुन्या जिनाच्या रद्दींत सांपडल्यास वाचकांनीं त्याची नक्कल आमच्याकडे अवश्य धाडावी.